पर्यावरणपूरक वसाहतीत राहायला येताय? नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नेरुळला राहते. आमच्या सोसायटीत पाणी, सांडपाणी आणि कचरा ही तिन्ही कामं गेली अनेक वर्षं माझ्याकडे आहेत. नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या महिन्यात तेच प्रश्न येतात, आणि हल्ली खारघर, उलवे, घणसोलीहूनही फोन येतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

जाहिरातीत ‘ग्रीन टाउनशिप’ लिहिलेलं असतं. त्यात खरं काय बघायचं?

लॉन आणि कारंजी शेवटी बघा, आधी तळघरात जा. नळाला पाणी कुठून येतं, वापरलेलं पाणी कुठे जातं, पावसाचं पाणी साठतं की गटारात जातं, ओल्या कचऱ्याचं काय होतं आणि गच्चीवर वीज किती तयार होते, हे पाच प्रश्न विचारा. विचारायचे तेही विक्री कार्यालयात नाही, सांडपाणी प्रक्रिया केंद्र म्हणजे एसटीपी चालवणाऱ्या ऑपरेटरला. तो लगेच उत्तरं देऊ लागला तर वसाहत चांगली. ऑपरेटरच सापडला नाही तर यंत्र कितीही महागाचं असो, ते बंद आहे असंच समजा.

नवी मुंबई तर आखूनच वसवलेली आहे. मग पुन्हा पर्यावरणपूरक वेगळं काय?

आखणी झाली, हे खरंच. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि १७ मार्च १९७० रोजी ते वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. एकाच जागी गर्दी न करता वाशी, नेरुळ, बेलापूर असे नोड करायचे, प्रत्येक नोडला स्वतःचं स्टेशन, बाजार, शाळा द्यायची, असा तो विचार होता. त्याचं फळ आपण रोज खातो. मात्र हे शहर रिकाम्या जागेवर उभं राहिलेलं नाही. ९५ गावांची शेतं, मिठागरं आणि खाजणं म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनी त्यासाठी गेल्या. आगरी-कोळी कुटुंबांना त्याचा मोबदला मिळवायला वर्षानुवर्षं लढावं लागलं. आपल्या इमारतीखाली कुणाची तरी भातशेती होती, एवढं मनात असू द्यावं.

त्या आखणीतून रुंद रस्ते, मलवाहिन्या आणि पाणी धरून ठेवणारे तलाव मिळाले. इमारतीच्या आतली बाजू मात्र आपल्यावर सोपवलेली आहे. फ्लशला कुठलं पाणी वापरायचं, गच्चीचं काय करायचं, कचरा कुठे जिरवायचा, हे सोसायटीने ठरवायचं.

सवड मिळाली तर बेलापूरच्या सेक्टर ८ मधलं कलाग्राम म्हणजे आर्टिस्ट्स व्हिलेज बघून या. कोरियांनी ते १९८० च्या दशकात आखलं. ४५ ते ७५ चौरस मीटरचे लहान भूखंड, आठ बाय आठ मीटरचं अंगण आणि त्याभोवती सात घरं. कुणाचीही भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागून नाही, म्हणजे पुढे हातात पैसे आले की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लिफ्ट नाही, पंपांची माळ नाही, आणि वारा अंगणातून घरात येतो. आज त्यातली बरीच घरं वाढून ओळखू येत नाहीत, पण अंगणं टिकली आहेत. उंच इमारतींशिवायही दाट वस्ती करता येते, हे तिथे पायी फिरल्यावर पटतं.

आमचा सेक्टर भरतीच्या पातळीच्या खाली आहे म्हणतात. पावसाळ्यात पाणी घरात येईल का?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. उत्तर जरा सविस्तर देते, कारण हे कळलं की अर्धी भीती जाते आणि उरलेल्या अर्ध्या भीतीचं काय करायचं ते समजतं.

वाशी, नेरुळ, बेलापूरचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर आहे. सगळीकडे उंच भराव घालायचा तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. त्याऐवजी डच पद्धतीने धारण तलाव बांधले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. वाशीचा मिनी सीशोर किंवा नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई इथे आपण संध्याकाळी फिरायला जातो ना, ते शोभेचे तलाव नाहीत. ते या शहराचे पाणी धरणारे हौद आहेत.

सेक्टरमधली पावसाळी गटारं या तलावात येतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये बांध असतो आणि बांधात वरच्या कडेला बिजागरी असलेली जड झडप. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. भरतीचे ते काही तास पाऊस कितीही पडला तरी पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की निघून जातं. काही ठिकाणी जोडीला पंपही आहेत.

माझ्या शेजारी सारसोळ्याच्या बाजूच्या एक आजी आहेत. त्यांना हे समजावायला गेले तर म्हणाल्या, “अगो, ही तर आमची उघाडी!” बरोबर होतं त्यांचं. खाजणात भातशेती करणारे आगरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून त्यात उघाडी ठेवत आले आहेत. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, गोडं पाणी वेळ बघून बाहेर सोडायचं. डच पद्धत म्हणून जे आपण सांगतो, ते इथल्या माणसांना आधीपासून येत होतं.

आता उरलेली भीती. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर तलाव भरतो आणि पाणी गटारातून उलटं रस्त्यावर येतं. म्हणून जून ते सप्टेंबर भरतीचं वेळापत्रक आमच्या नोटीस बोर्डावर लावलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. उधाणाच्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर तळघरातल्या गाड्या वर आणायच्या आणि मोटारींचे स्विच उंचावर आहेत ना ते बघायचं. दुसरं म्हणजे झडपेत अडकणाऱ्या वस्तू. थर्मोकोलचा एक तुकडा, एक गोणपाट फटीत बसलं की झडप पूर्ण मिटत नाही आणि खाडी आत येते. गटारात टाकलेली पिशवी शेवटी तिथेच पोहोचते.

मग तलावातला गाळ काढून ते खोल का करत नाहीत?

भरतीबरोबर आत येणारा गाळ वर्षानुवर्षं साचला आणि त्यावर कांदळवन उगवलं. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केलेली आहे, त्यामुळे परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. ती मनाई योग्यच आहे असं माझं मत आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ही खाडी जिवंत राहिली ती चिखलामुळे आणि तिवरांमुळे. पण बांधाच्या आतला तलाव पाणी धरण्यासाठीच बांधलेला आहे. तिथला गाळ जपून, टप्प्याटप्प्याने, पक्ष्यांचा हंगाम टाळून निघायला हवा. रहिवाशांनी दोन्ही मागण्या एकत्र कराव्यात. ‘सगळं कांदळवन काढा’ म्हणून सह्यांची मोहीम काढू नये.

आपल्याकडे मोरबे धरण आहे. मग पाण्याच्या पुनर्वापराचा खटाटोप कशाला?

नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरच्या मोरब्याचं पाणी मिळतं. धरण महापालिकेच्या मालकीचं आहे आणि त्याची क्षमता दिवसाला ४५ कोटी लिटरची. पण खारघर, उलव्याकडे गणित वेगळं आहे. तिथे सिडकोचा पुरवठा, हेटवणे धरणाचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. धरण एक आणि माणसं दरवर्षी वाढती, त्यामुळे आज ऐसपैस असणाऱ्यांनीही हिशोब करून बघावा.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड. त्यातले ४५ लिटर फ्लशला जातात. दोनशे घरांच्या सोसायटीत आठशे माणसं धरा: रोज ३६,००० लिटर पिण्याचं पाणी, घाटाखालून गाळून, क्लोरीन घालून आणलेलं, आपण संडासात ओततो. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. एसटीपीचं पाणी फ्लशला आणि बागेला वापरलं की एवढं वाचतं. महापालिकाही हेच मोठ्या प्रमाणावर करते. कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांतलं सांडपाणी आणखी एका टप्प्यात शुद्ध करून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना देण्याची सोय केलेली आहे.

एसटीपीच्या पाण्याला वास येतो, कमोड पिवळा पडतो. हे पाणी सुरक्षित आहे का?

नीट चालणाऱ्या एसटीपीच्या पाण्याला वास येत नाही. वास आला तर पुनर्वापर वाईट आहे असं नाही, यंत्रणा आजारी आहे असा त्याचा अर्थ.

एसटीपीमध्ये खरं काम जिवाणू करतात. हवेच्या टाकीत ब्लोअर खालून सतत हवा सोडतो आणि त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू घाण खातात. मग पाणी निवळतं, वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून जातं, क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक होतं. ब्लोअर थांबला की काही तासांत हे जिवाणू गुदमरतात, त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे येतात आणि ते सडका वायू सोडतात.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. एका वर्षी वीजबिल कमी करायचं म्हणून समितीने ठरवलं की रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद ठेवायचा. मीही त्या ठरावावर सही केली होती. चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. आठवड्याने सगळ्या घरांत फ्लशचं पाणी काळपट यायला लागलं. ब्लोअर पुन्हा चालू केला तरी मेलेले जिवाणू एका दिवसात परत येत नाहीत. शेवटी शेजारच्या सोसायटीच्या एसटीपीतून टँकरभर जिवंत गाळ आणून टाकला, तरी टाकी पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. तोवर फ्लशला पिण्याचं पाणी आणि वर टँकरचा खर्च. वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट पैसे गेले आणि ‘हे एसटीपी-बिस्टीपी नकोच’ म्हणणारी दहा घरं तयार झाली ती वेगळीच.

तेव्हापासून रोज सकाळी एक साधी तपासणी होते. काचेच्या एक लिटरच्या मापात हवेच्या टाकीतलं पाणी घ्यायचं आणि अर्धा तास न हलवता ठेवायचं. चॉकलेटी रंगाचा गाळ दह्यासारखा खाली बसला, वर स्वच्छ पाणी राहिलं आणि वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा आला की टाकी ठीक आहे. गाळ काळा दिसला किंवा खाली बसेचना तर त्याच दिवशी फोन करायचा. आमचा ऑपरेटर हे माप खिडकीत ठेवतो. जाता-येता कुणीही बघू शकतं. मुलं शाळेच्या बसची वाट बघताना त्याच्याकडे बघून ‘आज बसला गाळ’ असं सांगतात.

सुरक्षिततेचं म्हणाल तर फ्लश, बाग आणि रस्ते धुणं एवढ्यासाठीच हे पाणी. त्याची नळयोजना पूर्ण वेगळी असते. घराचं नूतनीकरण करताना प्लंबर चुकून दोन्ही पाइप जोडतात, हा मात्र खरा धोका आहे. म्हणून बाथरूमचं काम काढण्याआधी सोसायटीला कळवा. आम्ही काम झाल्यावर रंगीत पाणी सोडून तपासतो. कमोड पिवळा पडणं हे बहुतेक वेळा फिल्टरचा कोळसा बदलायला झाल्याचं लक्षण असतं.

पर्जन्यजल संधारणासाठी खड्डा खणावा की टाकी बांधावी?

तुमची जमीन कुठली आहे त्यावर. इथे सरसकट सल्ला देणाऱ्या कंत्राटदारापासून सावध राहा.

खाडीलगतच्या सेक्टरांत खाली चिकट सागरी माती आहे आणि भूजल हाताभर खोलीवर, तेही मचूळ. तिथे पाणी जिरवण्याचा खड्डा खणला तर पावसाळ्यात तो आधीच भरलेला असतो. तिथे टाकीच हवी. पारसिकच्या डोंगराकडचा भाग, खारघरची डोंगरउताराची बाजू किंवा ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी घोडबंदर रोड, इथे मुरूम आणि भेगा असलेला कातळ आहे. तिथे पुनर्भरण विहीर छान चालते, बोअरवेलला चैत्रापर्यंत पाणी टिकतं.

आकडा मोठा आहे. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेलं म्हटलं, तरी दहा लाख लिटर पाणी होतं. अडचण अशी की ते सगळं चार महिन्यांत येतं आणि तेवढी टाकी कुणी बांधू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात रोजच्या वापरात ते घ्यायचं, टाकी रिकामी होत राहील असं बघायचं. पहिले दोन-तीन पाऊस मात्र बाहेर सोडून द्या. उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची विष्ठा त्यात असते. मे महिन्यात गच्ची झाडून पन्हळींच्या जाळ्या साफ केल्या नाहीत तर पुढचं सगळं व्यर्थ.

ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा म्हणजे डास, उंदीर, वास नाही का येणार?

२०१६ च्या घनकचरा नियमांपासून मोठ्या सोसायट्यांवर ही जबाबदारी आहेच. वास येतो तो ओल जास्त झाली की. ओल्या कचऱ्यात सुका पाला किंवा काथ्याचा भुसा पुरेसा मिसळा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा, वास येत नाही. मूठभर खत हातात घेऊन दाबा. बोटांतून पाणी निघालं तर पाला कमी पडला, गोळा न होता सुटलं तर पाणी शिंपडा. शहाळी, करवंट्या आणि आंब्याच्या कोया वेगळ्या ठेवा, त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. गणपतीतलं निर्माल्य दोरे आणि चमकी काढून घातलं तर उत्तम खत होतं.

आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत झाडांचा पाला पडतो तेव्हा तो गोण्यांत भरून ठेवतो. पावसाळ्यात तोच सोन्याच्या भावाचा वाटतो. पाला जाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आम्हाला द्या.

कचरा कुठे जातो हे मुलांना दाखवायचं तर कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान दाखवा. तिथे पूर्वी कचराभूमी होती. आज लोक सकाळी फिरायला येतात, पण पायाखाली आपलाच जुना कचरा आहे.

गच्चीवर सोलर लावलं तर मेंटेनन्स खरंच कमी होतो का?

होतो, पण उंच मनोऱ्यांत गच्ची लहान आणि घरं जास्त, त्यामुळे प्रत्येक घराला वीज पुरेल ही आशा धरू नका. लिफ्ट, पंप, जिने आणि एसटीपी एवढं लक्ष्य ठेवा. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. वीस किलोवॉटचे ऐंशी युनिट. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे वीस किलोवॉटला ३ लाख ६० हजार. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन खूप घटतं, तेव्हा बिल बघून घाबरू नका. पॅनेल धुवायचं पाणी एसटीपीचं नको, क्षार बसतात.

इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जर?

सर्वसाधारण सभेत एकदाच धोरण ठरवा, मंजूर वीजभार किती आहे ते आधी तपासून घ्या. प्रत्येकाने घरातून खाली वायर सोडणं बंद करा.

आवारात पेव्हर ब्लॉक घालावेत का? झाडं कुठली लावावीत?

गाड्या फिरतात तेवढ्याच जागी घाला. झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवा. ताम्हण, करंज, बकुळ, कदंब, पांगारा ही आपल्या हवेची झाडं. ताम्हणाला एप्रिल-मेमध्ये जांभळी फुलं येतात तेव्हा लॉनवाल्या सोसायट्यांतले लोकही आमच्या फाटकाशी थांबतात. लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि त्यावर एक फुलपाखरूही येत नाही.

घर घेताना कोणते कागद मागायचे?

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिच्यात एसटीपी, हरितक्षेत्र, पाणी-वीज यांच्या अटी लिहिलेल्या असतात, आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. दोन्ही मागा. ताबा घेताना नळांचे आणि तारांचे प्रत्यक्ष झाले तसे नकाशे, पंपांची हमीपत्रं आणि एसटीपीची तीन महिन्यांची पाणी तपासणी हातात घ्या. सोसायटी स्थापन झाल्यावर ते मिळवायला नाकी नऊ येतात. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या किंवा सेवांच्या दर्जातले दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. एसटीपी नीट चालत नसेल तर ती तक्रार या पाच वर्षांतच लेखी करा.

एसटीपीची टाकी साफ करायला माणूस उतरवावा लागतो का?

नाही. कुणी ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणालं तरी नाही.

बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. कमी असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि जास्त झाला की नाकाची जाणीवच जाते. वास गेला, म्हणजे हवा चांगली झाली, असं वाटतं आणि माणूस खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय मलटाकीत माणूस उतरवण्याला बंदी आहे आणि उतरवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, मग तो कंत्राटदार असो की सोसायटीचा सचिव. सफाई वरूनच, शोषण यंत्राच्या गाडीने करून घ्या. कुणी आत पडलं तर वरून हवा सोडा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि दुसऱ्या कुणालाही उतरू देऊ नका.

आमच्या टाक्यांच्या झाकणांना कुलूप आहे. किल्ली ऑपरेटरकडे नाही, समितीकडे आहे, आणि कुलूप उघडताना समितीतलं एक माणूस तिथे उभं असतं. तुमच्याकडे झाकण उघडं असेल तर हे पान वाचून झाल्यावर आधी तिथे जाऊन या.